दुसरी गोळी: अल्ड्रॉप, टिकली आणि तीनतालावर बसवलेला रायफलचा सराव

जुलैत अख्खा नॉर्वे सुट्टीवर जातो. माझा भाचा तिथे ट्रॉनहाइमला नोकरी करतो. मागच्या जुलैची तीन आठवड्यांची सुट्टी त्याने ठाण्यात, नौपाड्यात आमच्याकडे काढली. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, "मामा, मला दुसरी गोळी शिकव."

त्याने तिथली शिकाऱ्यांची परीक्षा दिली होती आणि गावातल्या एका टोळीने त्याला मूसच्या शिकारीला सोबत घ्यायचं कबूल केलं होतं. मूस म्हणजे घोड्याहून उंच, चारशे-पाचशे किलोपर्यंत भरणारं हरीण. त्याचा हंगाम तिथे २५ सप्टेंबरला सुरू होतो. टोळीतल्या म्हाताऱ्याने त्याला रेंजवर पाहिलं आणि सांगितलं, तुझी पहिली गोळी चांगली आहे, पण दुसरी तुझ्याकडे नाहीच. दुसरी म्हणजे पहिल्या बारानंतर लगेच, नजर न हलवता झाडायची गोळी.

मी स्वतः शिकारी नाही आणि होणारही नाही. वीस-बावीस वर्षं पॉइंट टू-टू रायफलने कागदावर नेम धरतो, एवढीच माझी ओळख. पण दुसरी गोळी पहिलीच्या शेवटातून जन्मते, आणि गोळी झाडून झाल्यावर शरीराचं काय करायचं हेच आम्ही टार्गेटवाले आयुष्यभर घोटत असतो. त्यामुळे मी हो म्हटलं. त्या तीन आठवड्यांत, बाहेर धो धो पाऊस असताना, हॉलमध्ये जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. परदेशात कायदेशीर शिकार करणारी मराठी मुलं आता बरीच आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल. इथल्या रेंजवर बोल्टच्या, म्हणजे दर बारानंतर हाताने मूठ ओढून भरायच्या, रायफलने वेळेच्या बंधनात नेमबाजी करणाऱ्यांनाही पडेल.

आधी कायदा

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला दारच उरलं नाही. येऊरच्या जंगलात एअरगन घेऊन होला किंवा कबुतर टिपणं हासुद्धा गुन्हाच आहे. "आमचे आजोबा मारायचे" हे त्यावर उत्तर नाही. येऊरचं जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि तिथले बिबटे आपल्या सोसायट्यांच्या भिंतीपर्यंत येतात. त्यांच्या ताटातलं आपण उचलायचं नाही.

पॉइंट टू-टू असो की मोठी रायफल, परवाना लागतोच. परवाना माझ्या नावावर आहे, भाच्याच्या नाही. म्हणून घरात माझी रायफल मी त्याच्या हातात दिली नाही. इथे मी कोणाचीही भीड ठेवत नाही. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. क्लबात नवख्यांना शिकवतात ती याच जातीची. आमचा सगळा सराव तिच्यावर आणि एका लाकडी फळीवर झाला.

दुसरी गोळी कशासाठी

सिनेमात जनावर बार झाल्याबरोबर कोसळतं. खऱ्या जंगलात दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेला मूस कित्येकदा काही सेकंद तसाच उभा राहतो, जणू काही झालंच नाही. कधी चार पावलं चालतो, कधी झाडीत पन्नास-शंभर मीटर पळतो आणि मग पडतो. गोळी थोडी मागे, पोटात लागली असेल तर तो पाठ वाकवून निघून जातो आणि मरायला तास लागतात. ते काही सेकंद, जेव्हा तो अजून उभा आहे आणि कूस आपल्याकडे आहे, एवढीच दुसऱ्या गोळीची जागा. नॉर्वेत मूसच्या शिकारीला माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असल्याशिवाय जाताच येत नाही. जखमी जनावर रानात हरवण्याची तिथे एवढी धास्ती आहे. कुत्र्याला बोलवायची वेळ येऊ नये म्हणून दुसरी गोळी.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. दुसरी गोळी हाताशी आहे म्हणून पहिली घाईने झाडायची नसते. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दर वर्षी परीक्षा असते: शंभर मीटरवर पाच गोळ्या आणि पाचही तीस सेंटीमीटरच्या वर्तुळात. त्याआधी सरावाच्या तीस गोळ्या झाडल्याची नोंद लागते. तीस सेंटीमीटर म्हणजे आपलं जेवणाचं ताट. पहिली गोळी ताटात पडत नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तेवढंच करा.

पहिली गोळी संपू द्या

भाच्याला मी पहिले चार दिवस दुसऱ्या गोळीचं नावही काढू दिलं नाही. नुसती एअर रायफल.

एअर रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जाणारा. शिकारीच्या रायफलची गोळी आठशेच्या घरात असते. म्हणजे छर्रा नळीतून बाहेर पडायला तुलनेने फार वेळ घेतो आणि चाप ओढल्यावर तुम्ही हललात तर ते कागदावर लगेच दिसतं. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो काही लपवू देत नाही. बड्या बोअरची रायफल असल्या चुका धक्क्याच्या आवाजात झाकून टाकते, म्हणून शिकायला लहानच बरी.

भाच्याची चूक मला तिसऱ्या छर्ऱ्याला कळली. चाप ओढताक्षणी त्याचं डोकं दस्त्यावरून वर येत होतं. लागलं का, हे बघण्यासाठी. शंभरातले नव्वद जण हेच करतात. डोकं वर आलं की गाल दस्त्यावरून सुटतो, गाल सुटला की डोळा रायफलवरच्या दुर्बिणीच्या रेषेतून जातो आणि मग जनावर पुन्हा शोधावं लागतं. दुसरी गोळी उशिरा जाते ती हात हळू चालल्यामुळे नाही, डोकं उठल्यामुळे.

त्याला सांगितलं ते असं. चाप ओढून झाला की बोट तिथेच मागे दाबून ठेव. डोळा मिटू नकोस. दुर्बिणीची फुली उडाली तर कुठे उडाली ते बघ आणि परत कुठे येऊन थांबते तेही बघ. मग कागदाकडे न बघता तोंडाने सांग: "आठ, उजवीकडे खाली." त्यानंतरच कागद बघायचा. आपला बार कुठे गेला हे न बघता सांगता येणं ही पुढच्या सगळ्याची किल्ली आहे. शिकारीत कागद नसतो. बार सुटताना फुली कुठे होती हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच दुसरी गोळी हवी की नको ते कळतं.

चार दिवसांत दोनशेच्या वर छर्रे गेले. आपल्या भागात क्लबांची आता वानवा नाही. सुमा शिरूर यांनी तर पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा करून कितीतरी मुलं घडवली. क्लबात गेलात तर प्रशिक्षकाला एवढंच सांगा: मला गुण नकोत, बार सुटल्यानंतरचा एक सेकंद शिकायचा आहे. त्याला लगेच समजेल.

अल्ड्रॉपची फळी

आता बोल्ट. बोल्टच्या रायफलला चार हालचाली असतात. मूठ वर उचलायची, बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मूठ खाली पाडायची. मागे ओढताना रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, पुढे जाताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सरकतं. पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिलेली थ्री-नॉट-थ्री हीच. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून तिच्यावर एका मिनिटात पंधरा नेमके बार अपेक्षित असत, तीनशे यार्डांवर. म्हणजे नेमासकट दर बाराला चार सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात रायफल द्यायची नाही, मग बोल्ट आणायचा कुठून? मी विचार करत दाराला अल्ड्रॉप लावायला उठलो आणि हातातच उत्तर सापडलं. अल्ड्रॉपचा दांडा कसा सरकतो? पट्टी वर उचला, मागे ओढा. लावताना पुढे सारा, खाली पाडा. त्याच चार हालचाली, त्याच क्रमाने. आपल्याकडे प्रत्येक घरात लहानपणापासून हा बोल्ट चालवलेला असतो, फक्त खांद्याला लावून नव्हे.

दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून दहा इंची लोखंडी अल्ड्रॉप आणला आणि सुताराकडून जाड लाकडाची मीटरभर लांब फळी कापून घेतली. करायचं असेल तर चार गोष्टी सांभाळा.

अल्ड्रॉप उजव्या बाजूला असा बसवा की फळी खांद्याला लावून गाल टेकवल्यावर उजवा हात न ताणता त्याच्या मुठीवर पडेल. बाजारातली अल्ड्रॉपची पट्टी चपटी असते, तिच्या टोकाला कपाटाच्या ड्रॉवरची गोल मूठ स्क्रूने बसवली की बोल्टच्या मुठीसारखी पकड येते. खऱ्या बोल्टला उचलताना आतली स्प्रिंग विरोध करते. इथे विरोध नाही, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांड्याला अशी बांधा की उचलून मागे ओढताना जोर लागेल. वजनासाठी पुढच्या भागाला वाळूची पिशवी बांधा, एकूण साडेतीन किलो होईपर्यंत. डोळ्यासमोर प्लॅस्टिकच्या पाइपचा वीतभर तुकडा चिकटवला की दुर्बिणीतून बघितल्यासारखी नजर बांधली जाते.

आणि फळीला पिवळाधमक ऑइलपेंट द्या. लांबून कोणालाही ती बंदूक वाटता कामा नये. खिडक्यांचे पडदे ओढून, घरातच सराव करा. गॅलरीत, गच्चीवर किंवा उपवन तलावाच्या काठावर ही फळी खांद्याला लावून उभं राहायचं नाही. शेजारच्या आजींच्या छातीत धडकी भरवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

ज्यांच्याकडे स्वतःच्या परवान्याची बोल्ट रायफल आहे, त्यांनी घरी सराव करताना नकली काडतुसं वापरावीत आणि खरी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. नळी, चेंबर, मॅगझिन डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, आणि मध्ये फोन घ्यायला उठलात तर परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून. घरात सुटलेल्या गोळीला कारण नेहमी एकच असतं: रिकामी आहे असं कोणीतरी गृहीत धरलेलं असतं.

धा धिं धिं धा

भाचा लहानपणी इथेच तबला शिकला होता. चार हालचाली त्याला सांगू लागलो तेव्हा तोच म्हणाला, "मामा, ही तर तीनतालाची पहिली चार." वर, मागे, पुढे, खाली: धा, धिं, धिं, धा. तेव्हापासून आम्ही दुसरं काही मोजलं नाही.

फोनवर मेट्रोनोम किंवा लेहऱ्याचं (ताल धरून ठेवणाऱ्या धुनेचं) ॲप लावा. लय मिनिटाला साठ मात्रा. प्रत्येक मात्रेला एक हालचाल, म्हणजे चार सेकंदांत एक फेरा. या लयीत तीन दिवस. कंटाळा येईल, येऊ द्या. या लयीत तपासायच्या गोष्टी अशा की त्या वेगात कधीच तपासता येत नाहीत.

पहिल्या धा ला बोट चापावरून बाहेर आलं पाहिजे, हात उघडला पाहिजे आणि तळव्याच्या कडेने मूठ वर गेली पाहिजे. चिमटीत धरून उचलू नका. ओल्या हाताने, हातमोज्यात, थंडीत चिमूट निसटते. पहिल्या धिं ला बोल्ट मागे, आणि मागे म्हणजे अडेपर्यंत मागे. दुसऱ्या धिं ला तळव्याने सरळ पुढे. शेवटच्या धा ला मूठ खाली, अंगठा दस्त्यावरून पलीकडे, आणि तर्जनी चापाच्या कडीबाहेर, लाकडाला लागून सरळ. चापावर नाही. फुली पुन्हा जनावरावर आली आणि मन हो म्हणालं की मगच तर्जनी आत जाते.

यातल्या पहिल्या धिं वर मला जास्त बोलायचं आहे, कारण शिकारीत बोल्टची रायफल दगा देते ती बहुतेक वेळा इथेच. घाईत माणूस बोल्ट तीन-चतुर्थांश ओढतो आणि पुढे ढकलतो. मग दोनपैकी एक होतं. एक तर रिकामी पुंगळी पूर्ण फेकलीच जात नाही आणि वाटेत अडकून बसते. नाहीतर पुंगळी जाते, पण बोल्ट नव्या काडतुसाच्या मागे पोचलेलाच नसतो, म्हणून तो रिकाम्या नळीवर बंद होतो. पुढचा चाप ओढला की नुसता टक्. समोर जखमी जनावर आणि हातात टक्. भाच्याच्या रेंजवर नेमकं हेच झालं होतं, दोनदा. त्याला वाटायचं रायफलच खराब आहे.

यावर उपाय ताकदीचा नाही, आवाजाचा आहे. अल्ड्रॉप पूर्ण मागे गेला की खटकन लोखंडाला लोखंड लागतं. तो आवाज आल्याशिवाय पुढे जायचं नाही, लय चुकली तरी चालेल. मी डोळे मिटून सोफ्यावर बसायचो आणि नुसता ऐकायचो. खटका आला नाही की म्हणायचो, "सम चुकली." आठवडाभरात त्याचा एकही खटका चुकेना.

चार सेकंदांची लय हातात बसली की दुगुन. मिनिटाला एकशेवीस मात्रा, दोन सेकंदांत एक फेरा. मधले टप्पे ऐंशी आणि शंभर असे घ्या. ज्या लयीत डोकं उठतं किंवा खटका चुकतो, तिथून वीस मात्रा खाली या. चौगुनच्या मागे लागू नका. नॉर्वेत स्टांगशूटिंग नावाचा खेळ आहे, पंचवीस सेकंदांत जमतील तेवढे बार. त्यातल्या खेळाडूंचे हात बघून डोळे दिपतात, पण ते आयुष्य त्यात घालवतात आणि त्यांच्यासमोर चालतं जनावर नसतं. शिकाऱ्याला दोन ते अडीच सेकंदांत बंद झालेला बोल्ट पुरे. त्यापुढचा वेळ नेमाला द्यायचा.

डोकं खाली राहतंय का हे बघायला फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ बाजूने काढा. गाल आणि फळी यांच्यात उजेडाची फट दिसली की चूक तिथेच. आणखी एक: गाल घट्ट ठेवायच्या नादात मान पुढे सरकवू नका. दुर्बिणीचं भिंग डोळ्यापासून आठ-नऊ सेंटीमीटर लांब राहायला हवं. पुढे गेलात तर खऱ्या धक्क्याला तिची कड भुवई फोडते.

फळीला धक्का नसतो, ही तिची मोठी उणीव. ती अर्धीमुर्धी भरून काढायला मी समोर बाजूला बसायचो आणि तो "ठो" म्हणाला की फळीचं टोक तळहाताने वर उडवायचो. टोक वर जात असतानाच त्याचा हात मुठीवर पोचला पाहिजे आणि टोक खाली येऊन स्थिरावतं तेव्हा बोल्ट बंद झालेला पाहिजे. धक्क्याचा वेळ नाहीतरी जाणारच असतो, तो बोल्ट चालवण्यात वापरायचा. आधी धक्का ओसरू द्यायचा आणि मग बोल्टला हात घालायचा, असं केलं तर तेवढा वेळ फुकट जातो.

टिकलीवर नेम

हात बसला, आता डोळा. आमचा हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच मीटर. शंभर मीटरचा वीसावा भाग. तीस सेंटीमीटरचं ताट वीसने भागलं की दीड सेंटीमीटर, म्हणजे ठसठशीत मोठी टिकली. ताईच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, पाकिटातली मरून टिकली भिंतीवर लागली. अडीच मीटर लांबीचा मूस याच हिशेबाने साडेबारा सेंटीमीटरचा होतो. भाच्याने तो पुठ्ठ्याचा कापला आणि टिकली पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात चिकटवली.

पुठ्ठ्याचा मूस कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने लावला आणि दुसऱ्या टोकाने मी ओढायचो. पहिल्या "ठो" ला तो स्थिर. मग मी हळू सरकवायचो आणि बोल्ट बंद होईपर्यंत भाच्याची नजर पाइपमधून त्याच्यावरच हवी. मोठी दुर्बीण असणाऱ्यांनी इथे एक लक्षात घ्यावं: ती कमीत कमी पटीवर ठेवा, तीन-चार पट पुरे. दहा पटीवर पहिली गोळी सुंदर जाते, पण जनावर दोन पावलं चाललं की दुर्बिणीत नुसती झाडं उरतात.

चालत्या जनावराचा हिशेब एकदा करून बघा. गोळी सेकंदाला आठशे मीटर धरली तर ऐंशी मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात सावकाश चालणारा मूस पंधरा सेंटीमीटर पुढे जातो, दुडकी धावणारा अर्धा मीटर. पंधरा सेंटीमीटर ताटात मावतात, अर्धा मीटर मावत नाही. म्हणून भाच्याला मी सांगितलं, पहिल्या वर्षी दुसरी गोळी उभ्या किंवा हळू चालणाऱ्यावरच. धावत्यावर झाडायची तर आधी हलत्या टार्गेटच्या रेंजवर शेकडो बार कर, मग ठरव.

उभं राहून, मांडी घालून बसून आणि गुडघ्यावर, अशा तिन्ही आसनांत हे करा. जंगलात पोटावर झोपायला गवत सहसा आड येतं. उभं असताना आम्ही खुर्चीची पाठ टेकू म्हणून घेतली. टेकू असला की बोल्ट चालवताना रायफल त्यावरून घसरते, तेव्हा डाव्या हाताने ती टेकूला आणि खांद्याला एकदम दाबून धरायला शिका.

ताईचे शब्द

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आणि तो माझ्या ताईने घडवला. तिला शिकार मुळीच मान्य नाही. दहा दिवस ती स्वयंपाकघरातून आमची धा धिं धिं धा ऐकत होती. एका संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाली, "हात तर मशीनसारखा चालायला लागला याचा. आता हा बघणार कधी?"

अगदी खरं होतं. शरीराला लय लागली की ती स्वतःच चालते, आणि बोल्ट बंद झाला की बोट आपोआप आत जातं. दुसरी गोळी सवयीने सुटली तर ती सगळ्यांत वाईट गोळी. मूस कळपाने राहत नाही, पण जवळपास दुसरं एखादं जनावर असू शकतं. पहिला बार होतो, जनावरं हलतात, आणि दोन सेकंदांनी दुर्बिणीत जो दिसतो तो तोच आहे याची खात्री काय? टोळीला ठरवून दिलेल्या कोट्यात एक नर असताना दुसरा पडला तर तो गुन्हा आणि वर पाप. मागे डोंगर असेल तर ठीक. जनावर चालत माथ्यावर आलं आणि मागे नुसतं आकाश उरलं तर गोळी कुठे जाईल ते देवाला ठाऊक.

मग ताईलाच बसवलं. भाचा "ठो" म्हणायचा, बोल्ट चालवायचा, आणि तेवढ्यात ती मनाला येईल तो शब्द उच्चारायची. "उभा" म्हणजे दुसरी गोळी. "चालतोय" म्हणजे कूस दिसत असेल तरच. "पडला" म्हणजे बोल्ट बंद, बोट बाहेर, नजर त्याच्यावर, एक मिनिट वाट. "दुसरा" म्हणजे हे वेगळं जनावर, थांब. "आकाश" म्हणजे मागे आडोसा नाही, थांब. "माणूस" म्हणजे लगेच नळी खाली.

पहिल्या संध्याकाळी वीसपैकी अकरा वेळा तो चुकला, म्हणजे थांबायचं असताना त्याने "ठो" म्हटलं. मलाही धक्का बसला. लय पुन्हा शंभरावर आणली, आणि शेवटच्या धा नंतर एक मात्रा रिकामी सोडली. त्या रिकाम्या मात्रेत फक्त बघायचं. ती मात्रा अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त असते, पण ती सवयीचा भाग झाली की हात आपण होऊन थांबतो. जायच्या आदल्या दिवशी ताईने चाळीस शब्द दिले आणि तो एकदाही चुकला नाही. ताई काही बोलली नाही, फक्त त्याच्या बॅगेत टिकल्यांचं पाकीट टाकलं.

हा भाग ज्याला घरच्यांबरोबर जमणार नाही त्याने शब्द फोनवर रेकॉर्ड करून उलटसुलट क्रमाने वाजवावेत. पण आवाज दुसऱ्याचा असू द्या. स्वतःच्या आवाजाचा अंदाज येतो.

खऱ्या रायफलवर

फळीवरून थेट जंगलात जायचं नसतं. परत गेल्यावर भाच्याने टोळीच्या रेंजवर आधी पॉइंट टू-टूच्या बोल्ट रायफलने दोन-दोन बारांच्या जोड्या झाडल्या, मग स्वतःच्या रायफलने. मोठ्या रायफलवर एका बैठकीत दहा जोड्यांच्या वर जाऊ नका. खांदा दुखायला लागला की शरीर बाराआधीच आकसतं आणि ती सवय जायला महिने लागतात. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा, हे सांगायला नकोच. जोडी झाडताना मॅगझिनमध्ये मधूनच एक नकली काडतूस घालायला मित्राला सांगा, कितव्या जागी ते तुम्हाला कळू न देता. टक् झालं आणि नळी खाली झुकली, तर तुम्ही धक्क्याला घाबरून आकसताय हे कळतं. शिवाय टक् झाल्यावर न गोंधळता बोल्ट चालवायचाही सराव होतो. रेंजवरच्या गोळीला मात्र एक नियम आहे: टक् झाल्यावर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण खरं काडतूस उशिरा पेटलेलं असू शकतं. म्हणून हा खेळ कोणती नकली हे जाणणाऱ्या साथीदाराबरोबरच करा आणि त्याने "नकली" म्हटल्यावरच बोल्ट उघडा.

दोन्ही बार झाल्यावर मॅगझिन लगेच भरायची सवय लावा, नजर समोर ठेवून, चाचपून. आणि पडलेल्या जनावराकडे पाठीच्या बाजूने जायचं, बोल्ट बंद, सेफ्टी लावलेली. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पापणी हलत नाही ना ते बघायचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. पाठीमागे वारा होता. दीड वर्षाचा नर, सत्तर मीटरवर. पहिला बार गेला, बोल्ट बंद झाला, आणि दुर्बिणीत एक मूस उभा, कूस पूर्ण समोर. रिकामी मात्रा. त्याला शिंगं नव्हती. भाच्याचं बोट बाहेरच राहिलं. ती मादी निघून गेल्यावर झुडपामागे त्याचा नर पडलेला दिसला. मेसेजच्या शेवटी म्हणाला, "आईला सांग, 'दुसरा'."

यंदा जुलैत तो पुन्हा येतोय. फळी माळ्यावरून काढून ठेवली आहे, अल्ड्रॉपला तेल दिलं आहे. या वेळी डाव्या खांद्यावरून शिकायचं म्हणतो, त्यासाठी पलीकडच्या बाजूला दुसरा अल्ड्रॉप बसवावा लागेल.